रकाना

फुंकायच्या मशीनवर असतो मी,
अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात, खोली नंबर एकोणीस.
नाव लिहायचं, वय लिहायचं,
नळी तोंडात द्यायची आणि ओरडायचं :
फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका.
संध्याकाळी माझाच घसा बसतो.

प्रयागबाई लिंबाजी, घाटनांदूर, वय बावन्न.
तिसऱ्या खेपेलाही कागदावरची रेघ
उठली न उठली तोच बसली,
ओझं उचलून पुन्हा खाली ठेवावं तशी.

व्यसन? मी रकाना वाचतो.
"सुपारीबी नाही खात, भाऊ."
चूल?
"ग्यास हाय. पोरीच्या लग्नाच्या आधीपासून."
कापूस, गिरणी, खडी-सिमेंट?
"घड्याळाच्या दुकानात बसते मी, ह्यांच्या शेजारी.
पट्टे लावते, सेल बदलते."

मग तिनंच सांगितलं दुकानाचं.
सहा बाय आठ, वर पत्रा.
दार ओढलेलं, खिडकी बंद,
पंखा आहे, पण लावायचा नाही.
"वारं लागलं की स्क्रू उडतेत.
तिळाएवढाले असतेत, भाऊ. हरवला की संपलं."
आणि ते?
ते डोळ्याला भिंग लावून वाकलेले,
एक बिडी कानावर, एक ओठात,
दिवसाला दोन बंडल.
सव्वीस वर्षं.

लिंबाजी बाहेर लिंबाखाली उभे होते.
आत आले ते शर्टात धूर घेऊनच.
"हिला कामून झालं, साहेब?
बिडी तर मी वडतो.
आणि हिच्याकडं तोंड करून कधी धूर सोडला नाही मी.
दाराकडंच सोडतो, इचारा तिला."
प्रयागबाईंनी मान हलवली : खरं आहे.
खरंच असणार.
दार बंद होतं एवढंच.

नियमात बसत नाही, तरी म्हटलं, बाबा, तुम्हीपण फुंका.
त्यांची रेघ चढली,
चढतच गेली, वळून सावकाश उतरली.
वय एकसष्ट. रिपोर्ट जवळजवळ चांगला.
ते हसायला लागले आणि मधेच थांबले.
दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी.
प्रयागबाई वाकून बघत राहिल्या बराच वेळ.
मला वाटलं, आता रडतील.
त्या म्हणाल्या,
"ह्यांचं चांगलं हाय म्हणायचं,"
आणि पहिल्यांदा
पाठ टेकून बसल्या खुर्चीत.

मी सांगितलं जमेल तसं.
की बिडीला दोन टोकं असतात.
ओठातल्या टोकातला धूर तुमचा, तोही तुम्ही परत बाहेर सोडता,
आणि पेटलेलं टोक,
तुम्ही स्क्रू शोधताना नुसतंच जळत असतं ते,
त्याचा सगळा धूर खोलीचा.
खोलीत जो असेल त्याचा.
सगळ्यांची छाती सारखी नसते, बाबा.
कुणाला किती लागेल, आधी कळत नाही.
लिंबाजींनी कानावरची बिडी काढली,
हातात धरली,
कुठं टाकावी कळेना म्हणून खिशात घातली.

व्यसनाच्या रकान्यात मी "नाही" लिहिलं होतं.
पुढं पेन्सिलनं लिहिलं : नवऱ्याचं.
कॉम्प्युटरवरच्या सायली मॅडमनी विचारलं,
हे कुठं टाकू? इथं हो किंवा नाही, दोनच आहेत.
त्यांनी "नाही" टाकलं.
त्यांची तरी काय चूक.

पोळ्याच्या आठवड्यात प्रयागबाई पुन्हा आल्या, एकट्याच.
पंप कसा ओढायचा ते दाखवलं पुन्हा.
म्हणाल्या, "पंखा लावतो आता.
बिडीला ते रस्त्याच्या पल्याड जातेत.
सुटली नाही अजून. पर जातेत."
आणि स्क्रू?
"उडतेत की!
मग दोघंबी खाली बसतो, फरशीवर हात फिरवीत.
काल एक घावला माझ्या केसात."
हसल्या, आणि त्या हसण्याचा खोकला झाला,
तो संपेपर्यंत मी थांबलो.

मग नळी दिली.
फुंका, मावशी. अजून. अजून.
रेघ होती तिथंच होती.